ओल्या हातांनी पेटेल का? भटकंतीसाठी आग पेटवायची साधनं निवडताना

शेवटच्या कर्जत लोकलने निघालेल्या आम्हा चौघांकडे मिळून दोन काडेपेट्या, टपरीवर घेतलेला एक लायटर आणि एकाने हौसेने आणलेला स्वयंपाकघरातला टिकटिक लायटर होता. जुलै महिना. कोंदिवड्याहून उजाडायच्या आत राजमाची चढायला लागलो, कोंढाणे लेण्यांच्या पुढे धुक्यात वाट चुकली आणि सकाळी सातच्या सुमारास चौघंही नखशिखांत भिजून एका कपारीत दात वाजवत बसलो. कपारीत कोणीतरी कोरड्या काटक्या रचून ठेवल्या होत्या, म्हणजे निम्मं काम झालेलंच होतं. काडेपेट्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होत्या. त्यांचा लगदा झाला होता. लायटरचं चाक ओल्या अंगठ्याखाली नुसतं घसरत होतं. टिकटिक लायटरची ठिणगी इमानदारीत पडत होती, पण ती पडणार कशावर? त्याला गॅस लागतो, लाकूड नाही.

शेवटी काम केलं ते मित्राच्या आईने. गडावरच्या भैरवनाथापुढे लावायला म्हणून तिने औषधाच्या प्लास्टिकच्या डबीत कापूर आणि तुपातल्या फुलवाती घालून दिल्या होत्या. लायटर दहा मिनिटं काखेत धरून सुकवला, एकदाचा लागला, आणि भैरवनाथाच्या वाटणीचा कापूर आमच्या कामी आला. त्यानंतर इतकी वर्षं मी दर पावसाळ्याआधी ही साधनं घरी भिजवून तपासतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. दुकानातला विक्रेता ज्वाळा किती गरम आणि ठिणग्या किती हजार ते सांगतो. मुंबईतून सह्याद्रीत जाणाऱ्याने विचारायचं ते वेगळंच: ओल्या, गारठलेल्या हातांनी, अंधारात, वारा सुटलेला असताना हे पेटेल का?

आधी ठरवा, आग हवी कशाला

साधन विकत घ्यायच्या आधीचा हा टप्पा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. चहा-मॅगीसाठी आग हवी असेल तर उत्तर स्टोव्ह. लहान गॅस स्टोव्हला ठिणगी पुरते, सरपण लागत नाही, दगड काळे होत नाहीत. ऊब हवी असेल तर आधी कोरडे कपडे, डोक्यावर आडोसा आणि बुडाखाली मॅट, शेकोटी त्यानंतर. खरं सांगायचं तर त्या दिवशी आगीपेक्षा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एकेक कोरडा शर्ट आम्हाला जास्त उपयोगी पडला असता. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की सह्याद्रीतसुद्धा अंगाचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. त्याला हिमालयच लागतो असं नाही.

पाणी निर्जंतुक करायचं असेल तर ते खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळत ठेवलं की पुरतं. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरे. मदतीसाठी खूण म्हणून आग करायची कल्पना सिनेमात छान दिसते. पावसाळी धुक्यात वीस पावलांवरची शेकोटी दिसत नाही. तिथे शिट्टी आणि टॉर्च बरी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. रेंज असेल तर ११२.

आता नियमांचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, तुंगारेश्वर, कर्नाळा, फणसाड ही सगळी अभयारण्यं आहेत आणि आपलं बोरिवलीचं तर राष्ट्रीय उद्यान. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. राखीव वनातल्या आगीवर भारतीय वन कायदा, १९२७ ची बंधनं आहेत. लोहगड, राजगड, रायगड हे तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथल्या दगडी भिंतीला टेकवून चूल मांडणाऱ्याला मी ट्रेकर म्हणत नाही. थोडक्यात, मौजेची शेकोटी गावातल्या अंगणात किंवा परवानगी असलेल्या कॅम्पवर. गडावर आणि जंगलात साधनं जवळ असतात ती जिवावर बेतलं तरच बाहेर काढायची. त्यातही फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. त्या दिवसांत एक ठिणगी अख्खा डोंगर घेऊन जाते.

गाडी कुठली, त्यावर सामान ठरतं

मुंबईकर ट्रेकला निघतो तो कसारा, कर्जत नाहीतर खोपोली लोकलने. रेल्वेत गॅसचे डबे, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट असलं काही नेता येत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गर्दीच्या डब्यात सॅकमधला गॅसचा डबा फुटला तर काय होईल याचा विचार केला की कायद्याची भीती घालायची गरजच उरत नाही. एसटीतही तेच. म्हणून लोकलने जाणार असाल तर स्टोव्हचा बेत सोडा आणि पायथ्याच्या गावात जेवणाची सोय करा. पिठलं-भाकरी मॅगीपेक्षा केव्हाही चांगली, शिवाय गावात दोन पैसे जातात. स्टोव्ह हवाच असेल तर स्वतःच्या गाडीने जा, आणि डबा उन्हात तापणाऱ्या डिकीत विसरू नका.

विमानाने उत्तराखंड-हिमाचलला जाणाऱ्यांनी माचिस, लायटर आणि गॅस मुंबईतून नेण्याचा खटाटोप करूच नये. तपासणीत काढून घेतात. तिकडच्या पहिल्या मोठ्या गावात सगळं मिळतं.

काडेपेटी: स्वस्त, पण लाडावलेली

डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयाची काडेपेटी दोन रुपयांची झाली, तरीही आग पेटवायचं याहून स्वस्त साधन नाही. तिचा स्वभाव मात्र ओळखायला हवा. सेफ्टी माचिसच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि तांबडा फॉस्फरस असतो तो पेटीच्या बाजूच्या पट्टीत. दोघांची गाठ पडली तरच काडी पेटते. म्हणून काड्या कोरड्या ठेवून पट्टी भिजू दिलीत तर त्या काड्या दात कोरण्याच्या कामाच्या. दगडावर किंवा पॉलिशपेपरवर घासून सेफ्टी काडी सहसा पेटत नाही.

मुंबईत पाण्यात न बुडवताही काडेपेटी सादळते. जुलै-ऑगस्टच्या हवेत ओट्यावरची पेटी आठवडाभरात मऊ पडते हे घरोघरी माहीत आहे. मग तीच पेटी खिशात घालून आपण माळशेजला जातो! काड्या न्यायच्याच असतील तर पेटीसकट नेऊ नका. पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची नळी येते ना, तिच्या झाकणातच ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. रिकामी नळी जपून ठेवा. त्यात पंधरा-वीस काड्या गुल वर करून भरा आणि पट्टीचे दोन तुकडे कापून वेगळ्या छोट्या पिशवीत घालून टाका, म्हणजे हिसक्यांनी गुल पट्टीवर घासणार नाहीत.

काड्यांना मेणात बुडवायची जुनी युक्ती आहे. चालते, पण घासण्याआधी नखाने टोकावरचं मेण काढावं लागतं, नाहीतर पट्टीच मेणकट होऊन बाद होते. 'स्टॉर्मप्रूफ' म्हणून ज्या जाड, लांब गुलाच्या काड्या मिळतात त्या वाऱ्यात आणि पावसातही दहा-पंधरा सेकंद जळतात, पाण्यात बुडवून काढल्या तरी पुन्हा भडकतात. महाग आहेत. पाच-सहा काड्या निव्वळ संकटासाठी बाजूला ठेवायला उत्तम. त्यांनी उदबत्ती लावू नका.

लायटर: पहिला मान याचाच

मला एकच साधन न्यायला सांगितलंत तर मी साधा, चाकाचा, पारदर्शक अंगाचा लायटर नेईन. पारदर्शक यासाठी की आत गॅस किती उरला ते दिसतं. चाकाचा यासाठी की बटण दाबून 'टक्' करणारा लायटर ओल धरली की रुसतो आणि उंचावर तर बऱ्याचदा पेटतच नाही. चाकाचा लायटर भिजला तरी मरत नाही. तो जोरात झटकायचा, ज्योतीच्या भोकात फुंकर मारायची, चाक कोरड्या कपड्यावर किंवा जीन्सच्या आतल्या बाजूवर पंधरा-वीस वेळा फिरवायचं आणि मग प्रयत्न करायचा. गॅस संपला तरी चाकाची ठिणगी उरते, आणि पिंजलेल्या कोरड्या कापसाला ती ठिणगी पुरते.

दुकानात घेताना तीन गोष्टी बघा. पेटवून अंगठा सोडला की ज्योत लगेच विझते का? सोडल्यावरही बारीक फुसफुस ऐकू येते का? येत असेल तर तो ठेवून द्या, सॅकमध्ये गॅस गळून जाईल. तिसरं म्हणजे ओला अंगठा चाकावर फिरतो का. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. वीस रुपयांखालच्या लायटरच्या आयातीवर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, तरी नाक्यावर निनावी लायटर दिसतातच. ते एकवेळ देवघरात चालतील, डोंगरात नकोत.

लायटरचं खरं दुखणं थंडी. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली त्याची वाफ पुरेशा दाबाने बाहेर पडत नाही. सांदण दरीत डिसेंबरमध्ये कुडकुडलात तरी तिथे अडचण येणार नाही. हिमालयात मात्र पहाटे लायटर मेल्यासारखा होतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपा. आणखी एक बारीक गोष्ट: सॅकमध्ये दाबून लायटरचं बटण दबतं आणि गॅस निघून जातो. बटणाखाली दोरीचा तुकडा किंवा केबल टाय अडकवून ठेवा. लागेल तेव्हा ओढून काढता येईल एवढा सैल मात्र असू द्या.

फवाऱ्यासारखी जोरदार ज्योत फेकणारा जेट लायटर वाऱ्यात छान चालतो, पण गॅस भराभर खातो आणि उंचावर दगा देतो. पेट्रोलसारखं इंधन कापसात भरलेला धातूचा लायटर दिसायला रुबाबदार. पंधरवड्याने सॅकमधून काढलात तर त्यातलं इंधन उडून गेलेलं असतं. रुबाब शिल्लक राहतो.

फेरो रॉड: न संपणारी ठिणगी, पण आधी शिका

आपल्या आजोबा-पणजोबांच्या चंचीत चकमक असायची: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस. सह्याद्रीच्या काळ्या दगडात पांढऱ्या-करड्या गारगोट्यांच्या गाठी सापडतात, त्या चकमकीला चालतात. काळ्या कातळावर मात्र कितीही आपटलंत तरी हाती काही लागत नाही. आज दुकानात 'फायर स्टार्टर' म्हणून मिळते ती काळी कांडी मात्र चकमक नव्हे. ती फेरोसेरियमची, म्हणजेच फेरो रॉड. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लायटरच्या चाकाखालचा बारीक खडा म्हणजे याच धातूचा तुकडा. चकमकीत पोलादाचा कीस जळतो. इथे कांडीचाच कीस सुटून हवेत जळतो, म्हणून ठिणगी कितीतरी जास्त गरम पडते. भिजलेली कांडी शर्टाला पुसली की लगेच तयार.

घेताना बोटाच्या पेराएवढ्या, किल्लीच्या कडीला लटकवायच्या शोभेच्या कांड्या सोडून द्या. आठ ते दहा मिलिमीटर जाडी आणि तीन-चार इंच लांबी हवी, म्हणजे गारठलेल्या बोटांत धरता येते. पाकिटावरच्या 'इतक्या हजार वेळा' या आकड्याला भुलू नका. कांडी तुमच्यापेक्षा जास्त जगेल, प्रश्न तो नाहीच. नवी कांडी काळ्या रंगात रंगवलेली असते. तो थर आधी खरवडला नाही तर ठिणगी पडत नाही, आणि यामुळेच कित्येक जण 'माल खोटा निघाला' म्हणून परत करतात. सोबतची पत्र्याची पट्टी बोथट असेल तर सुरीच्या पाठीची काटकोनी, धारदार कड किंवा तुटकं करवतीचं पातं वापरा. सुरीची धार वापराल तर सुरीही जाईल आणि बोटही.

हात कसा चालवायचा? पातं स्थिर धरा, कांडीचं टोक जाळायच्या वस्तूत टेकवा आणि कांडी मागे खेचा. पातं पुढे ढकललंत की नेमक्या क्षणी हात रचलेल्या कापसावर आदळतो आणि सगळं उधळतं. दाब भरपूर, वेग बेताचा.

मुंबईत एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. खारट, दमट हवेत ही कांडी गंजते, करडी पावडर सुटते आणि हळूहळू तुकडे पडतात. समुद्राकाठी राहत असाल तर खरवडलेल्या भागाला नेलपॉलिशचा एक हात द्या किंवा मेणबत्ती घासून ठेवा.

जिचा कीस काढून त्यावर ठिणगी पाडतात ती मॅग्नेशियमची वडी मला कधी आवडली नाही. जळते प्रचंड गरम, पण तो कीस इतका हलका की वाऱ्यात उडून जातो, आणि पुरेसा कीस काढायला दहा मिनिटं खर्ची पडतात. भिंग पावसाळ्यात निव्वळ विनोद. विजेच्या ठिणगीने पेटवणारा, चार्जिंगचा आर्क लायटर घरात ठीक, मुक्कामाला बॅटरी आधीच मोबाईल खाऊन बसलेला असतो. काठीवर काठी घासून आग काढायचा हट्ट असेल तर उन्हाळ्यात अंगणात करून बघा, हाताला फोड येतील आणि गर्व उतरेल.

ठिणगी कशावर पडणार?

खरी गोम इथे आहे. लोक हजार रुपयांची कांडी घेतात आणि ती ओल्या पाचोळ्यावर घासत बसतात. साधन आणि लाकूड यांच्यामध्ये एक दुवा लागतो: लगेच पेट घेणारं आणि काही मिनिटं जळत राहणारं काहीतरी. परदेशी व्हिडिओंत भूर्जाची साल आणि चीडाचं राळभरलं लाकूड दाखवतात. आपल्या डोंगरात ते कुठून आणायचं? पण आपलं पूजेच्या सामानाचं दुकान यात कोणत्याही परदेशी दुकानाच्या तोंडात मारेल असं आहे.

कापूर माझा पहिला. ओला झाला तरी पुसून पेटवला की पेटतो, पाण्यावर तरंगत जळतो. त्याची ज्योत मोठी आणि वाऱ्याला बऱ्यापैकी दाद न देणारी. दोष दोन: उघडा राहिला की हवेत उडून जातो, म्हणून झाकण घट्ट हवं, आणि धूर काजळीचा, म्हणून त्यावर थेट पोळी-पापड भाजू नका. गोळ्यांच्या पाकिटापेक्षा मोठ्या वड्या घ्या, कमी उडतात.

तुपातल्या फुलवाती दुसऱ्या. मूळ कापूस, त्यात मुरलेलं तूप किंवा वनस्पती, आणि टोक आयतं वळलेलं. ज्योत लहान असते पण चिवट. लायटरने लगेच लागतात. फेरो रॉडने लावायच्या असतील तर टोकाला थोडा कोरडा कापूस पिंजून जोडावा लागतो. उन्हाळ्यात तूप वितळून डबीभर होतं, एवढंच.

घरी करायचं असेल तर कापसाच्या बोळ्यांना व्हॅसलिन चोळा. अगदी चिंब करू नका, आत थोडे कोरडे धागे राहिले पाहिजेत. पेटवताना बोळा ओढून जाळीसारखा पसरायचा. फेरो रॉडच्या दोन-तीन ठिणग्यांत धरतो आणि चार-पाच मिनिटं जळतो. लायटर आणि कांडी दोन्हींना चालणारी, वर्षभर न बिघडणारी वस्तू हीच, म्हणून माझ्या डबीत सर्वांत जास्त जागा हिची.

भर पावसात सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी अफलातून काम करते. पाण्यातून काढून पुसली तरी लायटरच्या ज्योतीत पेटते. धूर काळा आणि घाणेरडा असतो, त्यामुळे ही फक्त संकटासाठी. पंक्चरवाला फुकट देतो.

कोकणात असाल तर नारळाचं वाळकं सोडण पिंजून घ्या, शेणीचा कोरडा तुकडा मागून घ्या. शेणी भडकत नाही, निखारा धरून ठेवते, आणि तेच तिचं काम. कारवीच्या वाळक्या काठ्या झटकन पेटतात. पण कोणाच्या कुडाच्या किंवा कुंपणाच्या ओढू नका.

घरची परीक्षा

मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी हे करा. मुंबईच्या घरांत जागा नसते हे मान्य, पण मोरीत किंवा बाल्कनीत लोखंडी तवा ठेवून सगळं करता येतं. पडदे आणि वाळत घातलेले कपडे बाजूला, पाण्याची बादली जवळ, मुलं लांब. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कापराच्या धुराने सोसायटीचा सेक्रेटरी वर येईल.

डबी भरून बंद करा आणि रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. सकाळी उघडून आत थेंब दिसला तर ती डबी बाद, कितीही महागाची असो. नंतर लायटर आणि कांडी मिनिटभर पाण्यात बुडवून काढा, हातही थंड पाण्यात दोन मिनिटं धरा. बर्फ टाकलात तर उत्तम, कारण गारठलेली बोटं कशी फसवतात ते इथेच कळतं. आता टॉर्च न लावता कापसाचा बोळा पेटवा. मग टेबलफॅन लावून पुन्हा. मग डाव्या हाताने, कारण डोंगरात पडल्यावर नेमका उजवा हात दुखावतो.

पाच प्रयत्नांत एकदाही न पेटलेलं साधन सॅकमध्ये जाणार नाही, एवढा एक नियम मी पाळतो. घरातल्या प्रत्येकाने हे करून बघावं. गटात एकट्यालाच कांडी चालवता येत असेल आणि तोच जखमी झाला तर बाकीच्यांच्या हाती शोभेची वस्तू उरते.

डबी कशी भरायची

माझ्याकडे सध्या असं आहे. पँटच्या खिशात एक लायटर, झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. सॅकच्या मध्यभागी, कपड्यांच्या आत, घट्ट फिरकीच्या झाकणाची रुंद तोंडाची डबी: तिच्यात दुसरा लायटर, आठ-दहा व्हॅसलिनचे बोळे, कापराच्या चार वड्या वेगळ्या गुंडाळून, ट्यूबच्या दोन पट्ट्या. फेरो रॉड डबीत नाही, तो शिट्टीसोबत सॅकच्या खांदापट्ट्याला दोरीने बांधलेला. व्हिटॅमिनच्या नळीतल्या काड्या मित्राच्या सॅकमध्ये. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून, कारण ओढा ओलांडताना वाहून गेलेली सॅक मी डोळ्यांनी पाहिली आहे. टिकटिक लायटर गाडीने गेलो आणि स्टोव्ह असला तर येतो, गॅस पेटवायला तो झकास आहे.

खरेदीला फार हिंडावं लागत नाही. डबे आणि सुरी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, कापूर-फुलवाती दादरला किंवा गल्लीतल्या कोणत्याही पूजेच्या दुकानात, फेरो रॉड खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन.

पावसात प्रत्यक्ष पेटवताना

वेळ आलीच तर घाई करू नका. पहिली काडी ओढण्याआधीच सगळं सरपण गोळा झालेलं हवं. वाऱ्याला पाठ देऊन आडोशाला बसा, वर झाड आणि खाली वाळलं गवत नसलेली जागा बघा. ओल्या जमिनीवर आधी मनगटाएवढ्या चार-पाच काठ्या शेजारी शेजारी मांडून बैठक करा, नाहीतर जमिनीचं पाणी आग पिऊन टाकतं. नदीतले भिजलेले गोटे चुलीला लावू नका, तापून तडकतात आणि कपच्या उडतात.

जमिनीवर पडलेलं लाकूड पावसाळ्यात आतपर्यंत मुरलेलं असतं. उभी वाळलेली किंवा फांद्यांत अडकलेली काटकी शोधा, कडकन मोडली तर चालेल, वाकली तर सोडा. जाड काठी सुरीने उभी फोडली की आत कोरडा गाभा मिळतो. त्याच्या पातळ ढलप्या काढा. तीन ढीग करा: काडीएवढ्या ढलप्या, बोटाएवढ्या काटक्या, मनगटाएवढं लाकूड. पहिला ढीग तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट हवा, इथेच सगळे कमी पडतात. बोळा किंवा कापूर या बैठकीवर ठेवून पेटवा, ढलप्या वरून अलगद उभ्या रचा, हवा खेळू द्या. ज्योत ढलप्यांवर चढल्याशिवाय बोटाएवढी काटकी घालू नका. फुंकर खालून, लांब आणि सावकाश.

तंबूच्या आत काहीही पेटवू नका. स्टोव्ह नाही, शेगडी नाही, 'फक्त निखारेच आहेत' तेही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही. पाऊस कितीही असो, निखाऱ्याचं घमेलं बाहेरच. भाजलं तर भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काही नको.

विझवताना नुसती माती टाकून निघू नका, आत निखारा तासन्‌तास धुमसतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून पाणी.

डोंगर सोडून शहरात

हीच डबी घरातही लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कित्येक वस्त्यांनी रात्री अंधारात काढल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला जवळपास अख्ख्या मुंबईची वीज गेली, आणि काही भागांत ती बराच वेळ आली नाही. घरात मात्र क्रम उलटा: आधी टॉर्च, मग मेणबत्ती. आणि पाणी भरलेल्या किंवा बंद राहिलेल्या घरात शिरताना गॅसचा वास आला तर काडीही नको आणि दिव्याचं बटणही नको. आधी खिडक्या-दारं उघडा, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद करा, बाहेर या आणि मग फोन करा.

ट्रेकहून परतल्यावर सॅक कोपऱ्यात फेकायच्या आधी डबी उघडी करून पंख्याखाली रात्रभर ठेवा. वापरलेले बोळे पुन्हा भरा, लायटरमधला गॅस उजेडासमोर धरून बघा, कांडी पुसून तिला मेण घासा. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. माझ्या डबीवर सध्या तीन तारखा आहेत आणि खाली मित्राच्या आईच्या अक्षरात एक ओळ: 'यातला एक कापूर देवासाठी ठेवणे.'